हेअर जिग घरी बांधताना केस फिरतात, गळतात आणि पाण्यात उघडत नाहीत

गळटाक्या:

मंडळी, बास माशासाठी हेअर जिग (जड डोक्याचा हूक, मागे केस बांधलेला) घरी बांधतोय. साहित्य असं: पाव औंसाचं गोल डोकं, १/० चा हूक, नेढं (दोरी बांधायचं भोक) ९० अंशात, हरणाच्या शेपटीचे केस म्हणजे बकटेल (पांढरे आणि तपकिरी), १४० डेनियरचा (जाडीचं माप) दोरा, शेवटी पातळ सुपरग्लू. डोक्यांना पावडर पेंट. मुख्यतः स्मॉलमाऊथ बाससाठी, खडकाळ तळावर, ३ ते ६ मीटर पाण्यात. अधूनमधून गवताच्या कडेला लार्जमाऊथ. रॉड ७ फुटी मीडियम, रीलवर ८ पौंडी फ्लुरोकार्बन.

अडचणी अशा:

१. दोरा आवळला की केसांचा झुबका दांड्याभोवती फिरतो, वरचे केस बाजूला किंवा खाली जातात.
२. दोन-चार मासे झाले की मधले केस सुटून यायला लागतात. बाहेरचे टिकतात.
३. पाण्यात ओढलं काय, थांबवलं काय, केस तसेच ताठ. उघडमीट होतच नाही.
४. रंगाचे टवके उडतात, आणि नेढं रंगाने बुजतं.
५. पाणी ८-१० अंश सेल्सिअसवर आलं की बकटेल ठेवावं की मॅराबू (मऊ, फुललेली पिसं)? वजन किती, आणि ओढायचं कसं?

तळठाव:

पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच: केस जास्त झालेत. नवा माणूस दुकानातला जिग बघून बांधतो, आणि दुकानातला जिग पाकिटात भरदार दिसावा म्हणून बांधलेला असतो. माशाला भरदारपणाचं काही नाही. त्याला केसांमधून पाणी गेलेलं हवं.

पाव औंसाला तीन झुबके घ्या, एक वर आणि दोन बाजूंना. प्रत्येक झुबका चिमटीत घट्ट दाबल्यावर २ मिलिमीटरपेक्षा जाड नको. अष्टमांश औंसाला दोनच झुबके, तेही १.५ मिमीचे. अर्ध्या औंसाला चार-पाच चालतील. बांधून झालेला कोरडा जिग तुम्हाला थोडा विरळ वाटला तर प्रमाण बरोबर आहे असं समजा.

केस कुठून कापता तेही बघा. शेपटीचा बुंध्याकडचा एक तृतीयांश भाग जाड आणि आतून पोकळ केसांचा असतो. दोरा आवळला की हे केस दबतात आणि बाकीचा भाग फिस्कारून उभा राहतो. शेंड्याकडचे केस बारीक, जवळजवळ भरीव, ते फिस्कारत नाहीत. पाव औंस आणि त्याखालच्या जिगला मधले आणि शेंड्याकडचेच घ्या. बुंध्याचे केस अर्धा-पाऊण औंसाच्या जिगला राखून ठेवा, तिथे पसारा हवाच असतो. शेपटीच्या पाठीवरचे तपकिरी केस थोडे कुरळे आणि बारीक असतात. क्रेफिशच्या (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी) रंगाचा जिग बांधताना मी आधी त्यांनाच हात घालतो.

आता बांधणी.

झुबका कापल्यावर मुळाशी धरून बारीक दातांच्या फणीने विंचरा. आतली लोकर आणि तोकडे केस निघून गेले पाहिजेत. ही लोकर राहिली की दोरा तिच्यावर बसतो, केसांवर नाही. तुमचे मधले केस सुटतात त्याचं हे दुसरं कारण (पहिलं म्हणजे जाड झुबका, त्याच्या गाभ्यापर्यंत दोऱ्याचा दाब पोचतच नाही).

टोकं स्टॅकर नावाच्या नळीत ठोकून एका रेषेत आणायच्या भानगडीत पडू नका. उलट, टोकं जरा मागेपुढे असली की शेपूट निमुळती होते. आणि कात्रीने टोकं छाटणं तर नकोच. छाटलेलं टोक बोथट, जिगचा ब्रश होतो. एखादा केस फारच लांब वाटला तर उपटून काढा. लांबी ठरवायची ती मुळाकडून कापून. केसांची टोकं हूकच्या वळणामागे १.५ ते २ सेंटिमीटर गेली की पुरे. त्याहून लांब गेली तर मासा शेपूट धरतो आणि हूक तोंडाबाहेर राहतो.

आधी शिशाच्या मानेवर (डोक्यामागचा बारीक भाग) दोऱ्याचा पाया घाला, पुढून मागे आणि परत पुढे, वेढ्याला वेढा लागून. नुसत्या शिशावर केस घसरणारच. पायावर सुपरग्लूचा एक बारीक थेंब पसरवा, तो चिकट असतानाच पहिला झुबका ठेवा. मुळं डोक्याला अगदी टेकलेली हवीत. झुबका चिमटीत धरून दोन वेढे सैल घाला आणि तिसऱ्याला दोरा सरळ वर, तुमच्याकडे न ओढता, आवळा. चिमूट तोपर्यंत सोडायची नाही. झुबका फिरतो तो याच क्षणी, कारण दोरा आवळताना केसांना स्वतःबरोबर पलीकडे नेतो. उपाय म्हणून झुबका हवा त्या जागेपेक्षा थोडा स्वतःच्या बाजूला धरला तरी चालतं. दोरा त्याला जागेवर नेऊन बसवतो.

मग ५-६ घट्ट वेढे डोक्यालगत. डोक्यापासून मागे येताना ताण कमी करत जा, शेवटचे दोन वेढे जवळजवळ सैल. पोकळ केसांवर ताण म्हणजे पसारा, हे गणित लक्षात ठेवलं की शेपूट किती उघडी ठेवायची ते तुमच्या हातात येतं. दुसरा झुबका एका बाजूला, तिसरा दुसऱ्या बाजूला, दर वेळी पुन्हा तेच. मुळं सगळी एका जागी संपू देऊ नका, तिरकी कापा, म्हणजे मान उतरती होते आणि वरचा दोरा घसरत नाही.

दोरा १४० चा चालेल, पण पाव औंसापासून पुढे २१० डेनियरचा चपटा नायलॉन बरा, कमी वेढ्यात पकड येते. चपटा दोरा गुंडाळता गुंडाळता पिळला जातो आणि पिळलेला दोरा केसांत रुततो, कापतो. उजव्या हाताने बांधत असाल तर बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं हत्यार) मधूनमधून लटकती सोडून, वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, दोरा पुन्हा चपटा होतो. दोरा सारखा तुटत असेल तर आधी हूकचं टोक आणि शिशाची कड तपासा. बहुतेक वेळा साच्याच्या जोडावर राहिलेली शिशाची पातळ धार दोरा कापत असते. कानशीने एक हात फिरवला की काम होतं.

शेवटी व्हिप फिनिश (दोऱ्याची शेवटची गाठ) दोनदा, ५-५ वेढ्यांचा. गोंद दोऱ्यावर, केसांवर नाही. पातळ सुपरग्लू केसांच्या मुळातून मागे झिरपतो आणि पहिला सेंटिमीटरभर भाग कडक करून टाकतो. तुमच्या तिसऱ्या तक्रारीत या गोंदाचाही हात असणार. जिग शेपूट वर, डोकं खाली असा टांगून गोंद लावा, किंवा शेवटच्या वेढ्यांआधी दोऱ्यालाच गोंद लावून तो दोरा गुंडाळा. मला दुसरी पद्धत जास्त स्वच्छ वाटते.

झाल्यावर बादलीत ओढून बघा. ओढताना केस मिटले आणि थांबल्यावर उघडले पाहिजेत. पण आधी पाण्यात बुडवून दोन-तीनदा पिळा. पोकळ केसांत हवा असते, कोरडा जिग पहिले काही फेक तरंगल्यासारखा वागतो आणि माणूस उगाच वजनाला दोष देतो.

शिसं_आणि_साचा:

चौथ्या प्रश्नाचं बघू. डोकी स्वतः ओतता की विकत घेता ते लिहिलं नाहीत, दोन्ही धरून सांगतो.

पावडर पेंट दोन टप्प्यांत होतो: गरम डोक्याला पावडर चिकटते, आणि भट्टीत ती पक्की होते. दुसरा टप्पा टाळला की टवके उडतात. खडकावर आपटणाऱ्या जिगचा न भाजलेला रंग दिवसभरही टिकत नाही. हूक पकडीत धरून डोकं हीट गनवर किंवा ज्योतीजवळ तापवा, पावडरमध्ये एक-दोन सेकंद फिरवून लगेच बाहेर काढा. पावडर आत दाबलेली नको, डबी आधी ठोकून भुसभुशीत करा. बाहेर काढल्यावर थर क्षणात चकचकीत झाला तर तापमान बरोबर. थेंब ओघळला किंवा गाठी आल्या तर डोकं जास्त तापलं. कोरडा, खडबडीत राहिला तर कमी तापलं, पण ते भट्टीत सुधारतं. ओघळलेलं सुधारत नाही.

नेढं रंग मऊ असतानाच मोकळं करायचं, जुन्या बारीक हूकच्या टोकाने किंवा सुईने. थंड झाल्यावर टोचलं की नेढ्याभोवतीचा रंग तुटतो आणि तिथूनच टवके सुरू होतात. मग तारेवर टांगून साधारण १७५ अंश सेल्सिअसला २० मिनिटं. जेवण शिजतं त्या ओव्हनमध्ये हे करू नका. रंग केस बांधायच्या आधी, हे सांगायला नकोच. मानेवर मात्र रंग चढू देऊ नका, गुळगुळीत मानेवर दोऱ्याचा पाया सरकतो आणि जाडीही वाढते.

ओतणार असाल तर मानेवर काटा नसलेला साचा घ्या. काटा प्लास्टिकचा किडा अडकवण्यासाठी असतो, केस बांधताना तो दोऱ्याच्या मध्ये येतो. लहान डोक्यांना मऊ, शुद्ध शिसं बरं. अँटिमनी मिसळलेलं कडक शिसं बारीक खाचांत नीट भरत नाही. डोकी अर्धवट येत असतील तर साचा थंड आहे, पहिली पाच-सहा ओतणं साचा तापवण्यासाठीच समजा आणि परत वितळवा. साच्याच्या खाचांना मेणबत्तीची काजळी धरली की भरणी सुधारते. सांगितलेल्या तारेपेक्षा जाड तारेचा हूक घातला तर साचा पूर्ण मिटत नाही आणि वर तळठाव म्हणाले ती धार येते.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफ होऊन शिसं उडतं, म्हणून ओला साचा, ओला चमचा, घामाचे हात, सगळं दूर. उघड्या हवेत काम, डोळ्यांना चष्मा, नंतर हात साबणाने.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. अमेरिकेत काही राज्यांत लहान शिशाच्या जिगवर बंदी आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये १ औंस किंवा त्याहून हलके शिशाचे जिग आणि वजनं चालत नाहीत, मॅसॅच्युसेट्सच्या गोड्या पाण्यात १ औंसापेक्षा हलके चालत नाहीत. कारण लून नावाचे मासेखाऊ पाणपक्षी. ते अशी वजनं गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. तुम्ही जिथे गळ टाकता तिथला चालू नियम हंगामाआधी वाचा.

बिस्मथ-कथिल मिश्रणाकडे वळलात तर दोन गोष्टी बदलतात. ५८ टक्के बिस्मथ, ४२ टक्के कथिल हे मिश्रण १३८ अंशांना वितळतं. म्हणजे ओतायला सोपं, पण १७५ च्या भट्टीत रंग पक्का व्हायच्या आधी डोकंच खाली ठिबकेल. त्याला विनाइल किंवा यूव्ही रंग. दुसरं, त्याची घनता ८.६ च्या आसपास, शिशाची ११.३. पाव औंसाच्या (७.१ ग्रॅम) साच्यातून साधारण ५.४ ग्रॅमचं डोकं निघतं. साच्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, वजनकाटा ठेवा. बिस्मथ ठिसूळही असतो, खडकावर जोरात आदळला की डोकं फुटू शकतं.

पिसारा:

पाचव्या प्रश्नावर: ८-१० अंशांना, ३-४ मीटर स्वच्छ पाण्यात स्मॉलमाऊथ असतील तर मॅराबू. थंडीत प्लास्टिक कडक होतं, पिसं होत नाहीत. शिवाय मॅराबू थांबलेलं असतानाही हलतं, बकटेलला हलायला वेग किंवा पडणं लागतं. पण पाणी गढूळ किंवा खोल असेल, किंवा वारा जोरात असेल, तर मॅराबू मिटून दोरीएवढं बारीक होतं आणि दिसतही नाही. तिथे बकटेल.

डोकं १/१६ ते १/८ औंस. हूक बारीक तारेचा, नंबर २ किंवा १. याला १/० चा जाड हूक लावलात तर जिग शेपटाकडून खाली लोंबतो आणि पोहण्याची सगळी ऐट जाते.

पीस निवडताना "ब्लड क्विल" म्हणून मिळतात ती घ्या: आखूड, देठ बारीक, टोकाला भरपूर फुललेली. लांब, जाड देठाची पिसं शेपटीत घातली तर मध्ये ताठ काडी राहते. पीस बोटं ओली करून हाताळा, नाहीतर ते सगळीकडे उडतं आणि किती घेतलं याचा अंदाज येत नाही.

बांधायची पद्धत: दोऱ्याचा पाया, मग एक पीस शेपूट म्हणून, एकूण लांबी डोक्यासकट ६-७ सेंटिमीटर. लांब झालं तर टोक नखांनी खुडा, कात्री लावू नका. मग दुसरं पीस टोकाकडून बांधा (देठाकडून नाही) आणि ते मानेभोवती पुढे पुढे ३ ते ५ वेढे गुंडाळा, दर वेढ्याला तंतू मागे सारत. टोकाकडचा देठ नाजूक असतो, हॅकल प्लायर्सने (पीस धरायचा चिमटा) जोरात ओढलं की तुटतो. तुटत असेल तर टोकाचा पहिला सेंटिमीटर सोडून द्या आणि जरा आतून बांधा. पिसाच्या गुंडाळण्यानेच जिगला गोल, धडधडणारं अंग येतं. नुसती शेपूट बांधलेला मॅराबू जिग क्रॅपी या लहान माशाला चालतो, बासला मला अपुरा वाटतो.

पातळ सुपरग्लूबद्दल तळठाव यांच्याशी मी निम्माच सहमत. पायाला ठीक, पण मॅराबूला शेवटी तो अजिबात नको. एक थेंब कधी अर्ध्या पिसात चढेल सांगता येत नाही, आणि मग ते पीस काढून नवीन बांधण्याशिवाय इलाज नाही. शेवटाला साधं हेड सिमेंट किंवा पारदर्शक नेलपॉलिश, दोन हात.

रंग फारसे लागत नाहीत. काळा, तपकिरी, ऑलिव्ह, पांढरा. एकच बांधायचा असेल तर काळा.

थोडं मधलं काही हवं असेल तर कोल्ह्याची लव किंवा क्राफ्ट फर (कृत्रिम लव) बघा. दोन्ही मॅराबूपेक्षा आकार धरतात आणि बकटेलपेक्षा मऊ. क्राफ्ट फरमधली आतली लोकर मात्र निर्दयपणे विंचरून काढायची, निम्म्याहून जास्त फर फणीत जाते. जाऊ द्या.

उथळपाणी:

बांधणीचं सगळं वर आलं आहे, पाण्यातलं मी सांगतो.

मॅराबू जिग उडवायचा नसतो, पोहवायचा असतो. ही एक गोष्ट जमली की बाकी सोपं. लांब फेका, दोरी ताणून खाली जाऊ द्या, मनात मोजत. तळाला टेकायला १२ लागत असतील तर पुढच्या फेकीला ८-९ वर ओढायला सुरुवात करा. रॉड घड्याळातल्या १० च्या काट्याला, रील सावकाश आणि एकसारखं. झटके नाहीत, थांबणं नाही. तळापासून अर्धा ते एक मीटर वर राहिला पाहिजे. तळ लागला तर वेग वाढवू नका, रॉड उचला. बास वर बघून खातो, त्याच्या खालून गेलेला जिग बहुतेक वेळा वाया जातो.

चावा "टक" असा येत नाही. दोरी जड होते, कोणीतरी ओल्या फडक्याने धरल्यासारखी. तिथे हिसका मारू नका. बारीक तारेचा हूक सरळ होतो किंवा तोंडातून निसटतो. रील फिरवत राहा आणि रॉड बाजूला एकसंध ओढा.

तुमचा ७ फुटी मीडियम आणि ८ पौंडी फ्लुरो अष्टमांश औंसाला कमी पडतील. फेक जात नाही. मॅराबूसाठी साडेसात ते आठ फुटी मीडियम-लाइट, २५०० किंवा ३००० चं रील, मुख्य दोरी ८-१० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे ६-८ पौंडी फ्लुरोचा अडीच-तीन मीटर लीडर, डबल युनी किंवा एफजी गाठीने. नवा रॉड घ्यायचा नसेल तर आहे त्यावर फक्त ब्रेड भरा, अर्धा फरक तिथेच पडतो.

बकटेलचा खेळ वेगळा. पाव औंस, खडकाळ तळ: टेकू द्या, रॉडने ३०-४० सेंटिमीटर उचला, आणि परत पडताना दोरी अर्धवट ताणलेली ठेवा. पूर्ण सैल सोडली तर चावा कळत नाही, पूर्ण ताणली तर जिग सरळ न पडता झोका घेत तुमच्याकडे येतो. चावा नव्वद टक्के पडतानाच. ५ मोजल्यावर टेकणारा जिग ३ वर थांबला तर तो तळ नव्हे. रीलची दोरी आवरा आणि ओढा. पडायचा वेग थंड पाण्यात साधारण सेकंदाला एक फूट असावा असं मी धरतो. मीटरभर खोल पाण्यात काठाशी सोडून मोजता येतं. जास्त वेगाने पडत असेल तर डोकं हलकं करा, केस वाढवू नका.

उन्हाळ्यात बास खोल कडांवर थव्याने असतात तेव्हा उलटं: अर्धा ते पाऊण औंस, लांब बकटेल किंवा त्यात सॅडल हॅकलची (कोंबड्याच्या पाठीची लांब) पिसं, तळावरून जोरात दोन-तीन झटके आणि मग पडू देणं. टेनेसी नदीवरच्या तलावांत असा मोठा जिग प्रीचर जिग नावाने चालतो. त्याला जाड हूक आणि बेटकास्टर रील लागतं, तुमचा रॉड नाही.

लार्जमाऊथ गवतात: गार्ड (हूक गवतात अडकू न देणारे तंतू) नसलेला हेअर जिग गवतात नेऊ नका. गवताच्या बाहेरच्या कडेने पाव औंस बकटेल पोहवत न्या, आत शिरायचं तर फायबर गार्डचं डोकं वेगळं बांधा.

ट्रेलर (हूकला मागे लावायचा प्लास्टिकचा तुकडा) लावावा का, हा प्रश्न येईलच. थंड पाण्यात माझं उत्तर नाही. ट्रेलर केसांच्या आत भरतो, उघडमीट बंद होते. खोल पाण्यात फुटबॉल डोक्यावर, क्रेफिशसारखं दाखवायचं असेल तर ५ सेंटिमीटरचा छोटा चंक ठीक.

तळठाव:

ट्रेलरबद्दल थोडा वेगळा विचार. केस निम्मे करून बांधलेल्या जिगवर बारीक ट्रेलर ८ अंशांच्या पाण्यातही चालतो, कारण तो पडायचा वेग कमी करतो. फक्त तो जिग त्यासाठीच बांधलेला हवा: बाजूचे दोन झुबके, वरचा नाही. नेहमीच्या जिगवर लावला तर उथळपाणी म्हणतात तसंच होणार.

गळटाक्या:

केस निम्मे केले, पाया घातला, झुबका फिरणं थांबलं. दोन शंका राहिल्या. मॅराबू जिग पाण्यात कधी आडवा, कधी नाक वर करून येतो, तोच जिग. आणि पाणी ५-६ अंशांवर जातं तेव्हा पोहवण्याइतका वेगही जास्त वाटतो. तेव्हा काय?

उथळपाणी:

नाक वर येतं ते गाठीमुळे. ९० अंशाच्या नेढ्यात गाठ पुढे सरकली की जिगचा तोल बदलतो. गाठ नेढ्याच्या वर, किंचित मागच्या बाजूला असली की जिग आडवा लटकतो. दर काही फेकींनी, आणि प्रत्येक माशानंतर नक्की, बोटाने जागेवर आणा. क्लिंच गाठ घट्ट आवळलेली असेल तर कमी सरकते. लूप गाठ इथे नको, तिने जिग वाटेल तसा लोंबतो. गाठ ठीक असूनही शेपूट खाली जात असेल तर हूक जड आहे.

५-६ अंशांना फ्लोट-अँड-फ्लाय करा. पूर्व टेनेसीच्या खोल, स्वच्छ जलाशयांतली हिवाळी पद्धत, १० अंशांखालच्या पाण्यासाठीच. १/१६ औंसाचा क्राफ्ट फर किंवा पिसांचा छोटा जिग, त्याच्या वर अडीच ते साडेतीन मीटरवर फ्लोट, ४-६ पौंडी लीडर. उभ्या खडकाळ काठाला फेका आणि जवळजवळ काही करू नका. बारीक लाटा फ्लोटला हलवतात, फ्लोट जिगला. पाणी आरशासारखं असेल तर रॉडच्या टोकाने दोरी हलकेच थरथरवा, फ्लोट जागचा सरकता कामा नये. फ्लोट बुडतोच असं नाही. कधी आडवा पडतो, म्हणजे माशाने जिग वर उचलला. तेव्हाही ओढायचं. गाठीचं इथे दुप्पट महत्त्व, कारण जिग सगळा वेळ लटकलेलाच असतो.

तीन मीटर लीडर ७ फुटी रॉडने फेकता येत नाही, त्याला ८-९ फुटी लागतो. नसेल तर सरकता फ्लोट आणि दोरीवर दोऱ्याची थांबगाठ. ती रीलमध्ये गुंडाळली जाते.

पिसारा:

यात एक भर. १/१६ चा जिग बांधताना दोरा ७० डेनियरचा घ्या. २१० ने मान डोक्याएवढी जाड होते.

आणि ओले जिग डबीत बंद करू नका. हूक गंजतो, गंजाचा डाग पांढऱ्या केसांत उतरतो आणि जात नाही. घरी आल्यावर झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळवा. डबीत दबून वाकडे झालेले केस किटलीच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरले, बोटांनी सरळ केले की पुन्हा जागेवर येतात. मॅराबूला वाफही नको, नुसतं पाण्यात बुडवा.